बिनआवाजाची सुगी

परवा शिरढोणहून येताना रस्त्याच्या कडेला भात कापलेलं दिसलं आणि मी चालती स्कूटर थांबवली. मागच्या टेंपोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. त्याचं बरोबरच होतं, पण मी तरी काय करणार? एका बाजूला पत्र्याचं कुंपण, दुसऱ्या बाजूला नव्या इमारतीचे खांब, आणि मध्ये कोणी कसा कोण जाणे राखलेला भाताचा एवढासा तुकडा. कापून आडवा घातलेला, पेंढ्या बांधायच्या राहिलेल्या. तो वास हेल्मेटच्या आत शिरला. ‘आली! सुगी आली!’ असं मी मोठ्याने म्हटलं, आणि टेंपोवाला बाजूने जाताना माझ्याकडे ज्या नजरेने बघून गेला ती मी त्याला मनापासून माफ केली.

खारघरला आमच्या टॉवरमध्ये ऋतू फारसे पोचत नाहीत. पाऊस तेवढा खिडकीला येऊन आपटतो, बाकी सगळं सेलच्या जाहिरातींवरून ओळखायचं. पण घरी येऊन फोन बघते तर आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर धमाल उडालेली. ‘सुगीचा सण पुढच्या रविवारी. कोण काय आणणार?’ मार्थाकाकूंनी लिंबाचं लोणचं जाहीर केलं. त्यावर कोणी केक, कोणी करंज्या, कोणी गॅलरीतल्या कुंडीतला कढीपत्ता. आमच्यात आता शेती आहे ती एकाच कुटुंबाची, आपटा गावात नदीकाठी. बाकी सगळे फ्लॅटवाले. पण उत्साह असा, की नांगर खाली ठेवूनच सगळे फोन हातात घेतायत.

ज्यांनी हा सण पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. सुगीच्या रविवारी प्रत्येकाने आपल्या पिकातलं, नाहीतर आपल्या हातचं काहीतरी देवापुढे आणायचं. वेदीच्या पायरीवर भाताच्या पेंढ्या, केळीचे घड, नारळ, भोपळे, मिठाची पिशवी, लोणच्याच्या बरण्या, सगळं मांडलेलं असतं. उपासना होते, आभाराची गीतं होतात, आणि मग खरी मजा! अंगणातल्या मांडवात त्या सगळ्याचा लिलाव होतो. आणि घेतलेली वस्तू घरी न्यायलाच हवी असं नाही. घेणारा उठून म्हणतो, ‘पुन्हा देवाला!’ की ती परत टेबलावर. एकेक भोपळा असा पाच-सहा घरांचा होऊन येतो आणि शेवटी ज्याच्या हातात राहील तो त्याचं भरीत करतो. लहानपणी मला वाटायचं की स्वर्गात दुसरं काही नसेल, नुसता हा लिलाव असेल.

आणि तो पुकारायचे माझे बाबा. शमुवेलभाऊ. पनवेलच्या स्टँडवर त्यांनी सारी नोकरी गाड्या पुकारण्यात काढली. माईक बंद पडला तर प्रवाशांना कळायचंसुद्धा नाही, असा आवाज. ‘अलिबाग, पेण, वडखळ...’ हे ते असं म्हणायचे, की ज्याला ठाण्याला जायचंय त्यालाही क्षणभर अलिबागच्या गाडीत बसावंसं वाटावं. लिलावात तर ते सुटायचेच. ‘हा भोपळा बघा, मंडळी! ह्याच्या पोटात अख्ख्या घराचं जेवण आहे! एक वार... दोन वार... अहो गायकवाड, मान का खाली घातलीत? प्रभू बघतोय!’ लोक हसून हसून बेजार व्हायचे आणि हात वर करायचे. आमच्याकडे रीत अशी की जो लिलाव पुकारतो त्यानेच शेवटची प्रार्थना करायची. बाबा त्या प्रार्थनेत आलेल्या एकेका वस्तूचं नाव घेऊन आभार मानायचे. मीठसुद्धा सुटायचं नाही. बायका भाताखालचा गॅस चालू ठेवून आलेल्या असायच्या, त्या चुळबुळ करायच्या.

तो आवाज बसला एका पावसाळ्यात. आम्ही सर्दी म्हणालो, आई काढा म्हणाली, आणि डॉक्टर म्हणाले की गळ्यात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. पूर्ण. माणूस वाचेल, आवाज जाईल. बाबांनी विचारलं, ‘सुगी झाल्यावर केलं तर?’ डॉक्टरांना सुगी म्हणजे काय ते कळलं नाही. कळलं असतं तरी ते नाहीच म्हणाले असते.

दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले. शांत, हळू बोलणारा माणूस. चहा झाला, आणि ते म्हणाले, ‘शमुवेलभाऊ, आपण प्रार्थना करू. सगळ्या गोष्टींत आभार मानू.’ बाबा त्या घोगऱ्या, फाटलेल्या आवाजात म्हणाले, ‘पाळकसाहेब, बाकी सगळं म्हणा. आभार नको. ह्या गोष्टीचे मी मानणार नाही.’ आईने उचललेल्या कपबशा परत खाली ठेवल्या. आमच्या घरात देवाशी असं कोणी कधी बोललं नव्हतं. पाळकसाहेबांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त बाबा बरे व्हावेत म्हणून मागणं केलं आणि ते चप्पल घालून निघाले.

सकाळी ऑपरेशनला नेताना नर्सने विचारलं, ‘काका, कवळी वगैरे आहे का?’ बाबा म्हणाले, ‘नाही.’ तो आम्ही ऐकलेला त्यांचा शेवटचा शब्द. इतक्या गाड्या पुकारल्या, इतके भोपळे विकले, आणि शेवटी एक ‘नाही’, तोही कवळीबद्दल. मी तेव्हा हसलेही नाही आणि रडलेही नाही. आईची पर्स धरून नुसती उभी राहिले.

आवाज गेला म्हणजे नुसतं बोलणं जात नाही, हे आम्हाला नंतर कळलं. आता श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून. त्यावर आईने शिवलेलं मलमलीचं छोटं फडकं. त्यामुळे चहा फुंकून पिता येईना. बशीत ओतून नुसतं बघत बसायचं. वास जवळजवळ गेला. सुकट भाजली तरी बाबांना पत्ता नसे, आणि एवढ्या खमंग वासात ते पेपर वाचत बसलेले बघून मी तव्यावर झाकण ठेवून द्यायचे. हसले तर खांदे हलायचे, आवाज शून्य. भेटायला येणारे त्यांच्याशी ओरडून बोलायचे, जणू ते बहिरेच झालेत! बाबा पाटीवर लिहायचे, ‘मला ऐकू येतं.’ त्यांचं अक्षर आधीच दिव्य, त्यामुळे पाहुणा पाटी उलटी धरून आणखी मोठ्याने विचारायचा, ‘काय म्हणताय?’

रविवारी ते चर्चला येईनात. आई एकटी जायची. आल्यावर कोण भेटलं ते सांगायची, आणि ते भिंतीकडे बघत असायचे. आईला त्यांच्या जेवणाची नाही, औषधाचीही नाही, एकाच गोष्टीची धास्ती होती. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, ‘अगं, आवाज गेला ते मी सोसलं. पण ते बोलले ना शेवटचं पाळकसाहेबांना, तेच जर खरं राहिलं तर? आभार न मानणारा हा माणूस मला ओळखू येत नाही गं.’ मलाही तो ओळखू येत नव्हता.

समाधान हा शब्द आमच्याकडे फार लवकर हाती देतात. रविवारच्या शाळेत, लिमलेटच्या गोळ्यांबरोबर. मला तो मोठेपणी खूप वर्षं खोटा वाटायचा, सोसणाऱ्यांनी एकमेकांना सांगायची समजूत वाटायची. पण आमच्या पवित्र शास्त्रात ज्या माणसाने समाधानाबद्दल लिहिलंय तो तुरुंगात होता, आणि ते आपल्याला ‘मिळालं’ असं तो म्हणत नाही, आपण ते ‘शिकलो’ म्हणतो. ही गोष्ट त्या वर्षी माझ्या डोक्यात लख्खकन पेटली. शिकायचं म्हणजे चुकायचंही आलं! नापास व्हायचं आलं, वर्गातून उठून जायचं आलं, भिंतीकडे तोंड करून बसायचंही आलं. मला त्या विचाराने इतका धीर आला की मी तो आईला फोन करून सांगितला. आई म्हणाली, ‘बरं. आणि येताना कोथिंबीर आण.’

त्या वर्षीच्या सणाच्या सकाळी आईबाबांच्या दारात हिराबाई उभ्या. हिराबाई शिरढोणच्या, पनवेलच्या बाजारात भाजी विकायच्या. टोपली घेऊन पळत येताना दिसल्या की बाबा त्यांच्यासाठी गाडी थांबवून धरायचे, तेव्हापासूनची ओळख. आमच्या धर्माच्या नाहीत, पण लिलावाला दरवर्षी न चुकता. त्या दिवशी कडेवर पोर घ्यावं तसा भला मोठा लाल भोपळा घेतलेला.

‘चला, भाऊ,’ त्या म्हणाल्या. बाबांनी मान हलवली. नाही.

‘नाय काय? ह्यो भोपला रिक्षात माझ्या मांडीवं मावत नाय. तुमी धरा.’

बाबांनी पाटी ओढली. हिराबाईंनी ती उचलून कपाटावर ठेवून दिली. ‘मना वाचता येत नाय, ठावं हाय ना तुमाला? हात रिकामं हायत, भोपला धरा.’

आणि त्यांनी तो बाबांच्या हातात दिलाच. एवढं ओझं हातात आल्यावर माणूस भिंतीकडे तोंड करून बसू शकत नाही. आई आत पळाली ती बाबांचा इस्त्रीचा शर्ट घेऊनच आली. मी रिक्षा बोलवायला धावले. जणू माझीच परीक्षा आहे!

चर्चमध्ये शिरताना त्या वर्षीच्या नव्या भाताचा वास दारातच भेटला. आपट्याहून आलेल्या पेंढ्या पायरीवर रचलेल्या होत्या. जो तो आत येताना नाक भरून घेत होता. बाबांनी भोपळा ठेवला, सवयीने मूठभर लोंब्या उचलल्या, नाकाशी नेल्या, आणि तशाच धरून उभे राहिले. काहीच नाही. मग त्यांनी एक दाणा सोलला आणि तोंडात टाकला. चावत राहिले. गीत सुरू झालं तेव्हा सगळ्यांची तोंडं उघडी आणि बाबांचं बंद, आणि मी पुस्तकात बघून एकही ओळ न वाचता गात होते.

लिलाव पुकारायला दाऊदमामा उभे राहिले. बँकेतून निवृत्त, सरळ, भिडस्त माणूस. आवाज पातळ, आणि माईक धरला तोही हनुवटीखाली. ‘हे... नारळ आहेत,’ ते म्हणाले. ‘चांगले आहेत.’ एकही हात वर होईना. लोक बाबांकडे बघायचं टाळत होते. बाबा आयुष्यात पहिल्यांदा घेणाऱ्यांच्या बाजूला, खुर्चीवर बसले होते. आणि इथेच तो सुंदर घोटाळा झाला.

बाबांना राहवेना. त्यांनी हाताने खूण केली, माईक वर घ्या! दाऊदमामांनी ओळखलं ते एवढंच, की हात वर झाला. ‘शमुवेलभाऊंनी वाढवलं! एक वार...’ बाबा दचकले. नाही नाही म्हणून त्यांनी दोन्ही हात हलवले. ‘आणखी वाढवलं!’ दाऊदमामा खुश झाले. ‘एक वार, दोन वार, तीन वार!’ नारळ बाबांच्या मांडीवर आले.

मग केळीचा घड निघाला. दाऊदमामांनी तो टेबलाआड धरला होता. उंच धरा की, दिसू दे लोकांना, म्हणून बाबांनी तळहात वर उचलला. घड आला. हिराबाईंचा भोपळा आला तेव्हा त्यांनी कळवळून कपाळावर हात मारला. भोपळासुद्धा आला! आई त्यांचा शर्ट ओढत होती. ‘अहो, हात खाली ठेवा! हातांवर बसा!’ पण जो माणूस महिनाभर फक्त हातांनी बोलतोय त्याला हात खाली ठेव म्हणजे गप्प बस म्हणण्यासारखंच झालं. आणि गप्प बसणं त्यांना कधी जमलं होतं?

शेवटी पायाला सुतळी बांधलेला जिवंत कोंबडा टेबलावर आला. बाबा हात काखेत घट्ट धरून बसले. सगळा मांडव त्यांच्याकडे बघू लागला. कोंबडा फडफडला, दाऊदमामा घाबरून मागे सरले, सुतळी सुटली, आणि कोंबडा उडून थेट पहिल्या रांगेत. बाबांनी दोन्ही हातांनी त्याला झेलला.

‘दोन्ही हात!’ मागून कोणीतरी ओरडलं. ‘दोन्ही हात वर केले शमुवेलभाऊंनी!’

मांडव कोसळायचाच बाकी राहिला. मार्थाकाकूंनी पदर तोंडात कोंबला. पाळकसाहेबांचा चष्मा पडला. आणि मी बघितलं, बाबांचे खांदे हलत होते. गळ्यावरचं मलमलीचं फडकं फुरफुर उडत होतं. डोळ्यांतून पाणी, काखेत कोंबडा, मांडीवर भोपळा, आणि आवाज कसलाच नाही. ते हसत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदा असं पोट धरून, भान विसरून हसत होते! आई माझा दंड इतका घट्ट धरून होती की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं.

मग ते उठले. आपल्या वाटची सगळी खरेदी एकेक करून टेबलावर नेऊन ठेवली आणि बोट वर केलं, आभाळाकडे. ‘पुन्हा देवाला!’ सगळे एका सुरात ओरडले. त्यानंतर ते टेबलाजवळच थांबले. दाऊदमामा बोलत होते आणि बाबा वस्तू उंच धरून नाचवत होते. भोपळ्याचं वजन चेहऱ्याने दाखवत होते, लोणचं चाखून डोळे मिटत होते, गायकवाडांकडे बोट दाखवून मग वर बोट दाखवत होते. गायकवाडांनी निमूटपणे हात वर केला.

आता हे वाचून कोणाला वाटेल की झालं, बाबा सुधारले. छे! पुढच्याच आठवड्यात त्यांनी पाटी फेकून फोडली. नाताळात ‘गायला या’ म्हणणाऱ्याला दारातून परत पाठवलं. समाधानाचा तो वर्ग अजूनही चालू आहे आणि बाबा अजूनही अधूनमधून दांडी मारतात. आता त्यांच्याकडे गळ्याला लावायचं यंत्र आहे. त्यातून घरघरणारा, एकाच सुरातला आवाज निघतो. त्या आवाजात ते रिक्षावाल्यांशी भांडतात, माझ्या मुलांना पाढे विचारतात, आणि परवा मी भाताचं सांगायला फोन केला तेव्हा म्हणाले, ‘मग उभी काय राहिलीस? एक पेंढी मागून घ्यायची ना!’ फक्त प्रार्थना करताना ते यंत्र खिशात ठेवतात. का, ते आमच्या मंडळीत कोणी विचारत नाही, कारण त्या वर्षी लिलाव संपल्यावर काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

टेबल रिकामं झालं होतं. दाऊदमामा घाम पुसत, मोकळे होऊन, माईकमध्ये म्हणाले, ‘आता शेवटची प्रार्थना शमुवेलभाऊ करतील.’

निव्वळ सवयीने बोलून गेले. इतक्या वर्षांचं वाक्य होतं ते, जिभेवरचं. बोलले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पाळकसाहेब सावरून घ्यायला अर्धे उठले. आईने माझा हात शोधला. बाबांनी पाळकसाहेबांना तळहात दाखवला. बसा. आणि त्यांनी डोळे मिटले.

आम्हीही मिटले. प्रार्थनेला मिटायचेच असतात. पण मिटलेल्या डोळ्यांना बिनआवाजाची प्रार्थना कशी कळणार? सुरू झाली की नाही, चाललीय की संपली? थोड्या वेळाने कोणीतरी अंदाजाने ‘आमेन’ म्हटलं. मी डोळे उघडले तर बाबा बोट हलवत होते. अजून नाही! हसू फुटलं, दाबलं. पुन्हा डोळे मिटले. पुन्हा घाईने ‘आमेन’. पुन्हा बोट. मग एकेकाने डोळे उघडले आणि उघडेच ठेवले. आमच्या मंडळीत असं कधी झालं नव्हतं. सगळी माणसं उघड्या डोळ्यांनी, पुढे वाकून, बाबांच्या ओठांकडे बघत प्रार्थना करत होती.

ते नावं घेत होते. भात. नारळ. केळी. ‘माझं लोणचं!’ मार्थाकाकू पुटपुटल्या. ‘माझा भोपला बोल्लं!’ हिराबाई शेजारणीला म्हणाल्या. कोंबडा म्हणताना ओठ थोडे हसले. मीठ. काही सुटलं नाही. मग बाबांचा हात वर आला आणि गळ्यावरच्या फडक्यावर टेकला. ओठ थांबले. आई खुर्चीवरून अर्धी उठली.

मग ओठ हलले. सावकाश, एकेक शब्द, स्टँडवर लांबच्या गाडीचं नाव घेताना घ्यायचे तसे. आईने वाचलं, मीही वाचलं.

‘हे मला आवडलेलं नाही. तरी आभार.’

ते खाली बसले. दाऊदमामा रडत होते, पाळकसाहेबांनी चष्मा काढला होता, आणि आमेन म्हणायला कोणी शुद्धीवर नव्हतं. हिराबाईंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

‘अवं, झाला त्यांचा,’ त्या म्हणाल्या. ‘आता बोला ना तुमी सगली!’

मग आम्ही म्हणालो. बाबांच्या वाटचंही आम्हीच म्हणालो.